डोळा बघून

कणकवलीच्या शोरूममध्ये भिंतभर टीव्ही,
सगळ्यांत एकच समुद्र,
इतका निळा की मला हसूच आलं.
देवगड बंदरावर पस्तीस वर्षं टोपली घेऊन बसते,
असा निळा मी फक्त
जाळ्याच्या नव्या दोरीत बघितलाय.

पोरगा सांगत होता, त्रेचाळीस इंच, पंचावन्न इंच,
फुल एचडी, फोर के,
ह्यात काळा रंग किती काळा येतो ते.
हर्षद मान हलवत होता. हप्ता त्याच्या नावावर.
मी म्हटलं, बाळा,
पापलेटावर पाणी मारून, वर बल्ब लावून
मीसुद्धा विकते.
शोरूमच्या उजेडात सगळेच ताजे.
हा तुमचा समुद्र काढ,
आमच्या घरी येते ती केबल लाव,
संध्याकाळच्या बातम्या.

त्यानं लावल्या.
पंचावन्न इंचात बातम्या देणाऱ्याचा चेहरा
शिळ्या बोंबलासारखा सुटला.
त्रेचाळीसमध्ये निदान नाक नाकासारखं.
बाजूनं बघितला, मागून बघितला,
कल्ला असता तर तोही उघडला असता.
दीड हजार कमी केले,
भिंतीचा स्टँड फुकट.

घरी जांभ्याची भिंत ड्रिलला दाद देईना,
स्क्रू बसायच्या आधीच चिरा भुसभुशीत,
लाल भुगा देव्हाऱ्यापर्यंत.
शेवटी जुन्याच कपाटावर ठेवला.
खारा वारा मागच्या भोकांत शिरू नये म्हणून
मी परकराचं कापड शिवून टाकलं पाठीवर.
हर्षद म्हणाला, आये, त्याला हवा लागते.
हवा लागते!
सबंध गावातलं लोखंड हवेनंच खाल्लंय.

पहिल्या आठवड्यात काय काय बघितलं:
मालिकेतल्या सासूच्या गालावर तडकलेली पावडर,
गोलंदाजाच्या कोपरावरचं खरचटलेलं,
आणि स्वयंपाकाच्या कार्यक्रमात
त्या बाईनं सुरमई कापली ती, काट्याच्या उलट.
शेजारची शेवंती खावणेकर
विळी घेऊनच यायची,
खवलेलं खोबरं निम्मं ताटाबाहेर.

आणि आमचे तांडेल
खुर्ची ओढून, आणखी ओढून,
पडद्यापासून हातभर.
"धुकां आसा गो," म्हणाले.

जुना डबा होता तेव्हा
आम्ही सगळेच म्हणायचो, धुकं आहे.
अँटेना, व्होल्टेज, केबलवाला,
कुणालाही शिव्या द्यायची सोय होती.
त्या डब्यामागे हा माणूस किती वर्षं
लपून बसला, देव जाणे.
दोन वर्षांपूर्वी होडी विकली,
गुडघे धरलेत म्हणून.
मी रोज रात्री तेल चोळलं त्या गुडघ्यांना,
मी, जी माशाच्या बुबुळावरून
दिवस सांगते.

त्या रात्री टीव्हीचा आवाज बंद केला
आणि विचारलं, सांगा, आता कोण बोलतंय?
ते गप्प.
वरून चक्रीवादळाचा नकाशा
लाल-पिवळा फिरत होता.
मग म्हणाले,
"गुडघे बरे आसत माझे."

कुडाळच्या डॉक्टरांनी भिंगांचा कागद पुढे केला.
तीन प्रकार, तीन किमती,
एकात लांबचं, एकात जवळचं, एकात सगळंच,
शेवटचं परदेशी.
मी पेन खाली ठेवलं.
म्हटलं, ह्या ट्यूबलाईटखालचं सांगू नका.
पहाटे साडेपाचला बंदरावर
कसं दिसेल तेवढं सांगा.
ते हसले. मी हसले नाही.
दुसऱ्या नंबरचं घेतलं.

पट्टी सुटली त्या दिवशी
हर्षदनं टीव्ही लावूनच ठेवला होता,
मुद्दाम तोच निळा समुद्र, आवाज मोठा.
तांडेल दारात उभे राहिले, चपला तशाच.
नजर पडद्यावरून गेली,
थांबली नाही,
ओट्याखालच्या माझ्या टोपलीवर आली.

"गो," म्हणाले तिथूनच,
"हो बांगडो कालचो."